असईच्या फौजेचे रंग

ओंगार, डब्लिन
गुरुवार, १३ नोव्हेंबर

प्रिय डॉक्टर परेश,

तुझी पेटी मागच्या आठवड्यात मंगळवारी पोचली. मी कामावर होते, म्हणून कुरियरवाल्यानं ती शेजारच्या ब्रीडाकडे ठेवली. ब्रीडाला वाटलं, भारतातून लोणच्याच्या बरण्या आल्या असतील, म्हणून तिनं पेटी जपून उभी ठेवली. पेटीवर ‘नाजूक’ असं कुठंही लिहायचं तुला सुचलं नव्हतं. सहा घोडेस्वारांचे भाले वाकले आणि एका तोफेचं चाक निखळलं. हे आधीच सांगून टाकते, कारण मी कशी आहे, आईची तब्येत कशी आहे, हे विचारायच्या आधी तू हेच विचारणार. ती पेटी आता या पत्रासोबत परत येते आहे. पण आधी पत्र वाच, सगळं वाच, आणि पेटी त्यानंतर उघड.

फोन का केला नाही, असं तुला वाटेल. फोनवर तू बोलायला लागतोस आणि तू बोलायला लागलास की मी ऐकून घेते. पाच वर्षं मी ऐकूनच घेतलं. माणसांना भूल द्यायचं तुझं काम, ते तू दवाखान्यात पगार घेऊन करतोस आणि बाहेर फुकट करतोस. कागदावर तुला मला मधेच तोडता येणार नाही, आणि ‘अगं, ऐक तर खरं’ म्हणून आवाज मऊही करता येणार नाही. माझं अक्षर तुला लागत नाही, ही तुझी जुनी तक्रार. म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे.

चौदा महिन्यांनी तुझा मेसेज आला. ‘सुमे, एक छोटा लोचा झालाय यार. फौजेला वार्निश मारलं आणि सगळे पांढरेफटक पडले. बावीसला शो आहे. प्लीज, तुझं दहा मिनिटांचं काम आहे. यू आर अ स्टार.’ मी कामाच्या जागी उभी होते, हातमोजे काढून तो तीनदा वाचला. त्यात ‘कशी आहेस’ कुठं तरी असेल म्हणून शोधत होते, हे कबूल करते. मग लोच्याकडे लक्ष गेलं आणि डोक्यात तिडीक उठली. रंगकाम संपल्यावर वरून वार्निशचा पातळ फवारा मारायचा असतो, हाताळताना रंग उडू नये म्हणून. तो तू वॉटरफोर्डला, ऑक्टोबरच्या शेवटी, बाहेर भुरभुर चालू असताना, दवाखान्याच्या क्वार्टर्सच्या बाल्कनीत उभा राहून मारलास. दमट हवेत फवारा मारला की ओल आत अडकते आणि सगळं पांढरं पडतं. आयर्लंडमध्ये ज्यानं महिनाभर ब्रश धरला आहे त्याला हे कळतं. इथे वार्निश मारायला लोक कोरड्या दिवसाची वाट बघत आठवडेच्या आठवडे थांबतात. माझे दिवस तर कारखान्यात औषधी गोळ्यांवर लेप चढवणाऱ्या यंत्रापाशी जातात, आणि हवेतला दमटपणा थोडा वाढला तरी आम्ही यंत्र बंद करतो. एक फोन केला असतास तर सांगितलं असतं. पण ज्यानं फौज रंगवली तो असला फोन कशाला करेल, आणि तू तर सगळ्यांना सांगत फिरत होतास की ती तू रंगवली.

तुला आठवत नसेल, मला आठवतं. वीस सालच्या फेब्रुवारीत तू मला पहिल्यांदा इथून जवळच्या ल्यूकनच्या त्या क्लबच्या हॉलमध्ये नेलंस. बाहेर गारा पडत होत्या. आत आठ टक्कल पडलेले आयरिश पुरुष एका लांब टेबलावर ओणवे होऊन मोजपट्टीनं इंच मोजत होते. टेबलावर हिरवं कापड, कापडाखाली पुस्तकं सरकवून केलेल्या टेकड्या, आणि वर दोन बोटं उंचीचे, धातूचे, रंगवलेले शेकडो शिपाई. फासे टाकायचे, नियमांचं पुस्तक बघायचं, आणि दोनशे वर्षांपूर्वीची लढाई नव्यानं लढायची. मला हसू आवरेना. क्लबचा सेक्रेटरी डेक्लन, निवृत्त पोस्टमन, त्यानं माझ्यासाठी खुर्ची पुसली आणि विचारलं की तुमच्याकडची एखादी लढाई करता येईल का. तू ताबडतोब पानिपत म्हणालास, कारण पुण्याच्या माणसाला दुसरी लढाई आठवत नाही. मी म्हणाले, असई. आमच्या जालना जिल्ह्यातली, अठराशे तीनची. एका बाजूला शिंदे आणि भोसल्यांची फौज, दुसऱ्या बाजूला कंपनीची, आणि कंपनीचा सेनापती जन्मला इथे, डब्लिनमध्ये. डेक्लनचे डोळे चमकले. त्यानं तिथल्या तिथं ठरवलं की कंपनीची पलटण तो करणार आणि मराठी फौज आपण. परतताना बसमध्ये तू खिडकीकडे तोंड करून फोनवर असई कुठं आहे ते शोधत होतास, ते काचेत मला दिसत होतं. तेव्हा मला ते गोड वाटलं होतं.

महिन्याभरात सगळं बंद झालं. तू वॉटरफोर्डला वॉर्डात अडकलास, मी इथे ओंगारला या घरात, दोन किलोमीटरच्या पलीकडे पाऊल टाकायची बंदी. धातूच्या माणसांची पाकिटं तू मागवत राहिलास आणि ती माझ्या पत्त्यावर येत राहिली. तुला जमवायची हौस. आजही खालच्या प्रेसमध्ये (कपाटाला कपाट म्हणायचं मीही विसरले आता) तू न उघडलेली पाकिटं पडून आहेत, रोमन आहेत, रशियन आहेत, एक हत्तीसुद्धा आहे. मला हौस नव्हती, पण घरात दुसरं माणूस नव्हतं. खोकल्याच्या औषधाच्या झाकणावर एकेक शिपाई चिकटवायचा. आधी काळं अस्तर, मग अंगाचा रंग, मग कपडे, मग खोबणीत पातळ काळपट पाणी सोडायचं म्हणजे चुण्या दिसतात, मग शून्य नंबरचा ब्रश ओठांत धरून टोक करायचं आणि डोळे काढायचे. डेक्लनला बरं होतं, त्याचे सगळे लाल कोट. आपल्या स्वारांना गणवेश नव्हता, त्यामुळे शंभर स्वारांना शंभर अंगरखे. पैठणीच्या काठाचा हिरवा मिळवायला मी तीन रविवार घालवले. तीनशे बारा माणसं, शिवाय घोडे आणि बैल, आणि चार वर्षं. तू एका तोफेचं चाक रंगवलंस. तेही मी तू गेल्यावर पुसून पुन्हा केलं.

क्लब पुन्हा सुरू झाला तेव्हा सगळे टेबलाभोवती जमले आणि विचारू लागले की हे रंगवलं कुणी. पहिल्या वेळी तू ‘आम्ही’ म्हणालास. पुढच्या महिन्यात ‘मी’ म्हणालास. मी तुझ्या शेजारीच उभी होते, हातात चहाचा कप घेऊन. घरी येऊन विचारलं तर तू हसलास आणि म्हणालास, ‘वेडी आहेस का, तुझं-माझं काय वेगळं आहे?’ आणि मी पाघळले. तेव्हा मला ते वाक्य लग्नाच्या मागणीइतकं वाटलं. नंतर त्या फौजेला बक्षीस मिळालं, अर्जावर ‘स्वतःच्या हातानं रंगवली’ असं छापलेलं होतं आणि त्याखाली तू झोकात सही ठोकलीस. मी टाळ्या वाजवल्या. म्हणजे त्या खोटेपणात अर्धा वाटा माझा आहे. मी मूग गिळून बसले, कारण तुझं तोंड त्या दिवशी फार आनंदी होतं. त्याबद्दल आता तुझ्याशी भांडायचा हक्क मला नाही आणि मी भांडतही नाही आहे. नाव तुझं लागलं, लागू दे.

मग गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात तुला ‘स्पेस’ हवी झाली. काय मागतो आहेस हे विचारायची हिंमत मला झाली नाही आणि सांगायची तुला. सोफा नेलास, पडदे नेलेस, फौज नेलीस. कुकर ठेवलास, कारण तुला भात करता येत नाही. त्यानंतर मी ब्रशला हात लावला नव्हता.

म्हणून पेटी उघडली तेव्हा काय झालं ते तुला कळणार नाही. सगळी फौज बुरशीसारख्या पांढऱ्या थराखाली गेलेली, एकाचाही चेहरा ओळखू येईना. तुला शिव्या घालत मी टेबल रिकामं केलं. उपाय सोपा असतो. मऊ ब्रशनं तेलाचा पातळ हात फिरवला की पांढरेपणा विरघळतो. खोबरेल इथल्या थंडीत बाटलीत दगड होऊन बसलेलं, म्हणून ऑलिव्ह तेल घेतलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, चारही संध्याकाळी कामावरून आले की कोट न काढता टेबलाशी. एकेक चेहरा खालून वर येत होता आणि मी प्रत्येकाला ओळखत होते, हा पहिल्या लॉकडाऊनमधला, हा तुझ्या वाढदिवसाचा, हा तू गणपतीला आलास त्या आठवड्यातला. शुक्रवारी सगळे रंग परत आले. मी इतकी मूर्ख की पेटीत तुझ्यासाठी शंकरपाळ्यांची पिशवीपण भरून ठेवली. वाटलं, शनिवारी बावीसला तू फौज घ्यायला स्वतः येशील. कदाचित चहा होईल. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण लिहिते, म्हणजे पुढचं किती उंचावरून पडलं ते तुला समजेल.

गेल्या शनिवारी पेटीत घालायला फोम हवा होता म्हणून ल्यूकनच्या क्लबात गेले. वर्षभरानंतर पाहिलं, तरी डेक्लननं लगेच चहा पुढे केला. आणि म्हणाला, ‘युअर मॅन परेश कसा आहे गं? बिचारा. त्याच्या डॅडबद्दल वाचून आमची मॅरी किती रडली.’ मला वाटलं, रमेशकाका गेले. परेश, त्या घटकेला तुझ्याबद्दलचा सगळा राग माझ्या मनातून पुसला गेला. मी फोन काढला होता. तुझा नंबर लावणार होते, रडून मोकळा हो म्हणणार होते, गरज पडली तर तुझ्याबरोबर पुण्याला यायचं मनात ठरवलंसुद्धा होतं. तेवढ्यात डेक्लननं क्लबचं छापील पत्रक माझ्यापुढे ठेवलं. आतल्या पानावर तुझा फोटो, पुढ्यात माझी फौज. आणि एका माणसाचा मोठा केलेला फोटो वेगळा, पखालजीचा. पाठीवर पाण्याची पखाल, खांदा एका बाजूला कललेला, आणि उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पांढरा डाग.

आता माझे बाबा. तुला माहीत आहेत, पण तू विसरलेला दिसतोस, म्हणून पुन्हा सांगते. मोहन, जालना नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह सोडायच्या कामावर बत्तीस वर्षं. लोखंडी चावी खांद्यावर घेऊन सायकलवर गल्लोगल्ली फिरायचे. पाणी आठवड्यातून एकदा यायचं आणि बाबांची सायकल दिसली की बाया हंडे घेऊन धावायच्या. उजव्या हातावर कोड. त्या कोडामुळे लग्नाकार्यात पंगतीला वाढायला त्यांना कुणी हाक मारायचं नाही, तेही आपण होऊन मागे उभे राहायचे, बाही खाली ओढून. त्याच हातानं सोडलेलं पाणी मात्र सगळी गल्ली पीत होती. एकवीसच्या मे महिन्यात ते चार दिवसांत गेले. मला जाता आलं नाही. जालन्यातल्या शेजारच्या जयेशनं फोन वर धरला, स्मशानात नेटवर्क गेलं, आणि मी इथे या टेबलाशी काळ्या पडद्याकडे बघत बसले. त्यानंतरचे तेरा दिवस मी दुसरं काही केलं नाही, तो एक पखालजी रंगवला. फौजेबरोबर पाणी वाहणारा एक माणूस पाकिटात आलाच होता. पागोटं त्यांच्या आवडीचं शेंदरी केलं. हातावरचा डाग सात वेळा चुकला, आठव्या वेळी जमला. आणि आठवतं का, तू त्या तेराव्याला रजा काढून आला होतास. खिचडी तू केलीस, ती खाली लागली होती. मी डाग भरत होते आणि तू माझ्या शेजारी बसून, माझ्या पाठीवर हात ठेवून तो पाहत होतास. ती एक दुपार मी तुझ्या नावावर जमा धरत होते, बाकी सगळं गेलं तरी.

पत्रकात तू लिहिलंस, ‘हा पखालजी माझे वडील आहेत. ते गावात पाणी सोडायचे. साथीत गेले, मला जाता आलं नाही. मी ड्युटी संपवून येऊन तेरा दिवस यालाच रंगवत बसलो. तो हातावरचा डाग त्यांचा, आणि तो आठव्या प्रयत्नात जमला.’ आठव्या! तेवढंसुद्धा तू बदललं नाहीस. डेक्लन सांगत होता की महिन्याच्या सभेत तू हे वाचून दाखवलंस तेव्हा सगळे उभे राहिले. इथल्या रीतीप्रमाणे एकेकानं तुझा हात हातात घेऊन ‘सॉरी फॉर युअर ट्रबल’ म्हटलं, आणि तू एकेकाला मान हलवून आभार मानलेस. मॅरीनं तिच्या चर्चमध्ये तुझ्या वडिलांसाठी प्रार्थना ठेवायची म्हणून नाव विचारलं. तू ‘रमेश’ सांगितलंस. ते नाव कार्डावर लिहून, पाद्र्याची सही घेऊन, तिनं तुला पोस्टानं पाठवलं. ल्यूकनच्या चर्चमध्ये एका रविवारी रमेशकाकांच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून शंभर माणसांनी मान खाली घातली. मी तिथं खुर्चीवर बसून हे ऐकलं आणि पत्रकाची घडी घालत राहिले. डेक्लनला वाटलं, मला तुझंच दुःख झालं आहे. त्यानं मलासुद्धा बिस्कीट दिलं.

रमेशकाका! लक्ष्मीपूजनाला तुझ्या आईचा, विद्याकाकूंचा फोन आला होता, त्या मला अजून करतात, तू करत नसलास तरी. त्या बोलत होत्या आणि मागून तुझे वडील ओरडत होते की यंदाच्या चकल्या दात पाडणार. काकू म्हणाल्या, रोज सकाळी बॅडमिंटन खेळतात, गुडघा सुजला तरी ऐकत नाहीत. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले, आयुष्यात बागेच्या नळापलीकडे कुणाला पाणी सोडलं नसेल, हातावर साधा तीळ नाही. त्या माणसाला तू मारलंस, चार लोकांच्या हळहळीसाठी. हे त्यांना कळलं तर काय होईल याचा विचार तुझ्या डोक्यात आला का? मला खात्री आहे, आला नाही. तुला वाटलं, पुण्यातलं माणूस ल्यूकनच्या पत्रकात काय डोकावणार. आणि ओंगारची सुमेधा तर काय, तिला ‘यू आर अ स्टार’ म्हटलं की पुरतं.

माझा राग कशाचा आहे ते नीट समजून घे, नाहीतर तू उद्या मित्रांना सांगशील की बाईला श्रेय हवं होतं. माझं काम तू घेतलंस, ते मी दिलं होतं. माझी पाच वर्षं घेतलीस, तीही मी दिली होती. बाबा मी तुला दिले नव्हते. ज्या हाताला माझ्याच नातेवाइकांनी पंगतीत येऊ दिलं नाही, त्या हाताची कीव तू परक्या लोकांकडून स्वतःसाठी गोळा केलीस. त्यांचं मरण तू उचललंस, कारण तुझ्या घरात सुदैवानं तसलं काही घडलेलं नाही. मला तुझा तिरस्कार वाटतो, परेश. हे वाक्य मी आयुष्यात कुणाला लिहिलेलं नाही. लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं, वाटत नाही.

आता फौजेचं. धातू तू विकत घेतला होतास, तो तुझा आहे, आणि तो सगळाच्या सगळा पेटीत आहे. वाकलेले भाले सरळ केलेत, निखळलेलं चाकही बसवलंय. रंग माझे होते, ते मी काढून घेतले. रविवारी डेटॉलच्या बारा बाटल्या आणल्या. दुकानातल्या बाईनं काळजीनं विचारलं की घरात कुणी फार आजारी आहे का. बादलीत एकेक पथक रात्रभर भिजवलं आणि संध्याकाळी जुन्या दातांच्या ब्रशनं घासलं. आधी तोफखाना, मग पायदळ, मग स्वार. शंभर अंगरखे, पैठणीचा हिरवा, घोड्यांच्या पायांतले पांढरे मोजे, सगळं एकाच तपकिरी चिखलात गेलं. घराला अजून तुझ्या दवाखान्याचा वास येतो आहे. पखालजीला काल शेवटी घेतलं आणि हात थांबला. मी रडले, मोठ्यानं, भिंतीपलीकडे ब्रीडानं टीव्ही बंद केला इतक्या मोठ्यानं. पण तो डाग आता माझ्या बाबांचा राहिला नव्हता, तू त्यावर दुसऱ्याच, जिवंत माणसाचं नाव घातलं होतंस, म्हणून तोही घासून काढला. बाबांना मी पुन्हा रंगवेन, दुसऱ्या कुठल्या तरी माणसावर. त्यांचा हात मला पाठ आहे. बावीस तारखेला नऊ दिवस आहेत. डेक्लनला किंवा मॅरीला मी एक अक्षर सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, ते तुझं काम आहे. तू तीनशे बारा कोरी माणसं टेबलावर मांड, नाहीतर रिकाम्या हातानं जा, ते विचारतीलच की रंग कुठं गेले. तेव्हा काय सांगायचं ते तू ठरव. फक्त माझे वडील वारले आहेत आणि तुझे जिवंत आहेत, एवढं त्यात आलं पाहिजे.

तुझी होते तेवढं पुरे,
सुमेधा